पाठमोरा नंदी

तो नंदी मी पाठमोरा केला नव्हता. हे आधीच लिहून ठेवते. परवा गिरणीत दळण घेऊन बसले होते, तर एक बाई माझ्याकडे बघत दुसरीला म्हणाली, "हीच ती, उलट्या नंदीवाली." दुसरी पदर तोंडाला लावून हसली. इतकी वर्षं झाली, तरी हसली. मी पीठ न घेताच घरी आले आणि मुलीची एक अर्धी कोरी वही काढून बसले. चार माणसं समोर असली की मला बोलता येत नाही. वहीपुढे येतं.

मी चौथी शिकले. माहेर शिरूर कासारच्या बाजूला. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि मी धाकट्या भावंडांना सांभाळायला मागे राहायची, म्हणून पाचवीत नाव घातलंच नाही. त्या रिकाम्या गावात एका शेजारणीनं मला मण्यांची तोरणं करायला शिकवली. तोरणात पोपट, मोर, कलश, सगळं मोजून येतं. या ओळीत हिरवे सात, पुढच्या ओळीत सहा, मग पाच आणि एक लाल, की झाली चोच. एक मणी चुकला तर पोपटाचं तोंड वाकडं. मला पाढे वीसपर्यंत येत नव्हते, पण तोरणाची मोजणी कधी चुकली नाही.

लग्न होऊन नेकनूरला आले. सासरी मंडप आणि लायटिंगचं दुकान होतं. थोरले दीर गिऱ्हाईक बघायचे, माझे मालक वायरिंग करायचे. आधी प्लायवूडवर बारके बल्ब बसवून त्यावर रंगीत कागद लावायचे. मग गावात केबल आली, एसटीडीची पिवळी खोकी आली, बाजारात चीनचा माल दिसायला लागला, आणि एकदा हे पुण्याहून एलईडीची पाकिटं घेऊन आले. हरभऱ्याएवढा दिवा, त्याला तारेचे दोन पाय, एक लांब, एक आखूड. जळत नाही, तापत नाही, वीज खात नाही. दुकानात सगळे खूश झाले. पण शेदोनशे ठिपके जुळवून चित्र कसं काढायचं, ते कुणाला येईना.

यांनी गणपतीच्या एका मंडळासाठी मोर करायला घेतला. वहीच्या चौकटीच्या कागदावर ठिपके काढत बसले होते. मी भाकरी करत होते. चुलीपुढूनच दिसलं.

"तिसऱ्या ओळीत दोन जास्त हायेत," मी म्हणाले. "मान जाड होईल."

हे म्हणाले, "मग तूच काढ की."

मी पिठाचे हात धुतले आणि काढला. तेव्हापासून दुकानातला प्रत्येक बोर्ड मी केला. मंडळांचे मोर, दर्ग्याच्या उरुसाचा चांदतारा, लग्नाच्या हॉलवरचं फिरणारं चक्र, स्टँडासमोरच्या पाणपोईवरचा माठ. माठातून पाणी पेल्यात पडताना दिसायचं, त्याला लोक थांबून बघायचे म्हणे. म्हणे, कारण मी बघितलं नाही. बोर्ड आमच्या पडवीत तयार व्हायचा, चादरीत गुंडाळून टेंपोत जायचा, आणि मी भांडी घासायला जायची. केलेला एकही बोर्ड मी जागेवर पेटलेला बघितला नव्हता.

गिऱ्हाईक विचारायचं, "कोण करतंय हो हे? लई झकास काम हाय."

थोरले दीर म्हणायचे, "पुण्याचा कारागीर हाय आपला. खास बोलावून घेतो."

मी दाराआड उभी राहून चहाचे कप भरत असायची. पुण्याचा कारागीर चहात साखर घालत होता. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. पाचव्या-सहाव्या वेळेला हसू आलं नाही. पण थोरल्या दिरांशी मी बोलत नव्हते, आमच्यात धाकट्या सुना थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाहीत. काही हवं-नको असलं तर सासूबाईंना सांगायचं, नाहीतर भिंतीकडे बघून बोलायचं. मी भिंतीकडे बघूनसुद्धा काही बोलले नाही.

मग महाशिवरात्रीचं काम आलं. जवळच्याच एका गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे, तिथे मोठी जत्रा भरते. देवळाच्या रस्त्यावर लोखंडी कमान उभी करायची आणि तिच्यावर चालते दिवे लावायचे असं पंचांनी ठरवलं. वर मधोमध पिंड आणि तिच्यावर अभिषेकाचे थेंब. येणाऱ्याच्या डाव्या हाताला नंदी, पिंडीकडे तोंड करून. उजव्या हाताला तिथल्या पुढाऱ्याच्या नावाचा स्वागताचा बोर्ड, कारण कमानीचं लोखंड त्यानं दिलं होतं.

यांनी काम घेऊन येतानाच मला सांगितलं, "हा बोर्ड लागला की मी पंचांना सांगतो, आमच्या घरातनं केलाय म्हणून. तू बी ये जत्रेला. बघ तुझ्या डोळ्यांनी."

मला तेवढंच पाहिजे होतं. पैसे नको, सत्कार नको. माझं काम जागेवर पेटलेलं बघायचं आणि ते माझं आहे हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं. इतकंच.

पिंड मी आठ दिवसांत केली. थेंब मला जमत नव्हता. वरून खाली एकामागून एक दिवा पेटवला की तो थेंब वाटत नव्हता, मुंगी पळाल्यासारखी वाटायची. मी नळाखाली कळशी लावून बघत बसले. थेंब लगेच पडत नाही, आधी तोटीला लटकतो, फुगतो, मग सुटतो. मग मी वर दोन दिवे अगदी चिकटून बसवले आणि दोन वेगळ्या वायरींवर घेतले, म्हणजे पहिला विझेपर्यंत दुसरा पेटतो आणि प्रकाश तिथे जरा थांबतो. त्या संध्याकाळी भारनियमन संपून वीज आली आणि पडवीत थेंब पडला. खरोखर पडल्यासारखा. हे म्हणाले, "आयला." एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

आता माझी पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावर आलं. बोर्डाचा पत्रा पुढून काळा चकचकीत असतो. त्याच्यावर कागद चिकटवला की डाग पडतो, ड्रिल घसरलं की ओरखडा येतो. म्हणून मी कागद मागच्या बाजूला चिकटवायची आणि भोकं मागूनच पाडायची. आता मागून पाडलं की पुढून चित्र उलटं दिसणार. म्हणून मी चित्र सरळ काढायची, कागदाला गोडंतेल लावायची म्हणजे तो आरपार दिसतो, आणि मग कागद पालथा चिकटवायची. चित्र आत, कोरी बाजू माझ्याकडे. तेलातून ठिपके दिसतात, त्यावर ड्रिल मारायचं. पुढून बघा, चित्र सरळ. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिला मोर वाया गेला तेव्हा सुचलं. आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण मी काय करते हे कुणी कधी बघतच नव्हतं. यांना फक्त वायरी लावायला बोर्ड मिळायचा.

नंदीचा कागद काढून झाला होता. पांढरे दिवे तेव्हा महाग, म्हणून नंदी पिवळा, झूल लाल, गळ्यात हिरव्या घुंगरांची माळ. डोळ्याला दोनच दिवे, पण ते कुठे ठेवायचे यासाठी मी तीन कागद फाडले. एक घर खाली गेलं की नंदी झोपल्यासारखा दिसायचा. शेवटी जमलं. नंदी देवाकडे बघतोय असा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी तेल लावून चिकटवायचा होता.

त्या सकाळी मला बाहेरचं झालं.

आमच्या घरात पाच दिवस पाळायचे. मागच्या पत्र्याच्या खोलीत गोणपाटावर बसायचं, ताट लांबून सरकवलं जायचं. सासूबाईंनी पडवीत पाऊल टाकू दिलं नाही. "देवाचं काम हाय ते. तुझी सावली बी नको त्याच्यावर." महाशिवरात्र सहा दिवसांवर होती. मी हिशेब केला, पाच दिवस गेल्यावर एका रात्रीत नंदी होणार नाही. हे काही दिवस पुण्याला गेले होते, दिवे चालवायचं कार्ड आणायला, आणि तिथून परस्पर जत्रेच्या गावी उतरणार होते कमान उभी करायला.

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, मी लांबून सांगते, कुणीतरी करा."

त्या म्हणाल्या, "कागद हाय ना काढलेला? मग बास. थोरला करतोय. त्याला का हात न्हाईत?"

थोरल्या दिरांनी दुकानातला एक कामगार बोलावला आणि दोघांनी पडवीत पत्रा आडवा टाकला. मला खोलीतून ड्रिलचा आवाज ऐकू येत होता. घोंऽऽ करायचं, थांबायचं, परत घोंऽऽ. प्रत्येक आवाजाला माझ्या डोळ्यापुढे एक ठिपका यायचा. दुपारी त्यांनी पत्रा भिंतीला उभा केला तेव्हा दाराच्या फटीतून मला मागची बाजू दिसली. कागद तोंड वर करून चिकटवला होता. माझा नंदी मागून नीट, स्वच्छ दिसत होता, जसा मी काढला होता तसा. म्हणजे पुढून तो उलटा, पिंडीकडे पाठ केलेला दिसणार होता.

कोणीही तसाच चिकटवला असता. चित्र पालथं घालून कागद कोण चिकटवतं? पण विचारायला काय जातं? मी वीस पावलांवर बसले होते.

सासूबाई ताट घेऊन आल्या. मी म्हणाले, "आत्या, कागद चुकीचा लागलाय. नंदी फिरलाय."

"काय फिरलाय?"

"तोंड दुसरीकडं झालंय. त्यांना सांगा, वायरी लावू नका अजून."

"मी सांगू त्याला? चौथी शिकलेली तू, मी तर तेवढी बी न्हाई. काय सांगू?" त्या ताट सरकवून वळल्या. "आणि तू तिकडं बघितलंसच कावून? नंदी हाय तो. या दिवसांत देवाकडं बघत्यात का?"

मी ओरडू शकले असते. फटीतून मोठ्यानं, "अहो भाऊजी, थांबा." तीन शब्द. मी ओरडले नाही. राग मला सगळ्यांचा येतो, पण या जागेवर आले की माझाच येतो. किराणावाल्याकडे फोन होता, जत्रेच्या गावात सरपंचाकडे फोन होता. पण मला खोलीबाहेर पडता येत नव्हतं आणि परक्या माणसाच्या फोनमध्ये मी काय सांगणार होते? मी गोणपाटावर बसून राहिले. सोल्डरचा वास येत राहिला. चौथ्या दिवशी बोर्ड चादरीत गुंडाळला गेला आणि टेंपो गेला.

पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि सहाव्या दिवशी सासूबाईंबरोबर जत्रेला गेले. वाटेत मनाला समजावत होते, यांनी लावताना बघितलं असेल, काहीतरी केलं असेल. दिवस मावळताना आम्ही कमानीपुढे पोचलो. कमानीला पडदा होता. नंदीचा बोर्ड चढवला होता थोरल्या दिरांच्या माणसांनी, चादरीतून थेट पडद्याआड. यांना मागून फक्त वायरी जोडायला मिळाल्या. मागून दिसतात त्या नुसत्या वायरी, नंदीचं तोंड कुठे ते कळत नाही.

पुढाऱ्यानं बटण दाबलं, पडदा ओढला.

आधी लोक "वा" म्हणाले, कारण थेंब पडत होता. मग कुणीतरी बोट केलं. पिंडीवर थेंब पडतायत आणि नंदी तिच्याकडे पाठ करून, शेपूट देवाच्या तोंडावर, रस्त्याकडच्या लिंबाच्या झाडाकडे बघत उभा. डोळा बरोबर जागेवर होता, फार सुंदर दिसत होता, आणि कुठेतरी भलतीकडे बघत होता. एक आजोबा कपाळावर भस्म असलेले पुढे आले आणि त्यांनी कमानीकडे बघून दोन्ही हातांनी स्वतःच्या गालात मारून घेतलं.

मागून दुसऱ्या पार्टीची पोरं होती. एकजण म्हणाला, "नंदीला बी कळलं बे, त्या नावाच्या बोर्डाकडं तोंड करायचं न्हाई म्हणून." त्यावर जे हसू पिकलं ते थांबेना. पुढारी हसला नाही. त्याचा माणूस थोरल्या दिरांवर आला.

"कोणी केलाय हा? पुण्याचा कारागीर म्हणत होते ना तुमी?"

थोरले दीर घाईघाईनं म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की माईकजवळ उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू गेलं, "कारागीर कुठला साहेब. धाकट्याच्या बायकोनं केलाय. चौथी शिकलेली बाई. आमी म्हणलं करती हौसेनं तर करू द्या. तिला काय कळतंय देवाचं तोंड आन पाठ."

आणि मग लोक मागे वळून बघायला लागले, कोण ती.

मला पाहिजे होतं तेच घडलं. माझं काम मोठ्यानं माझं म्हटलं गेलं. मी केलेल्या साठ-सत्तर बोर्डांतला, जो मी केला नाही असा एकच, माझ्या नावावर चढला.

मी तिथे काय बोलायचं होतं? बोलायला एकच वाक्य होतं, की त्या दिवसांत मी बाहेर होते, मला हात लावू दिला नव्हता. ते वाक्य भर जत्रेत, परक्या बाप्यांपुढे, देवळाच्या दारात? आमच्याकडे बाई ते नवऱ्यालासुद्धा तोंडानं सांगत नाही, कोपऱ्यात बसली की कळतं. थोरल्या दिरांना ते पक्कं ठाऊक होतं. मी तोंड उघडणार नाही याची त्यांना खात्री होती म्हणूनच त्यांनी ते म्हटलं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "चल दर्शनाला."

मी यांना गाठलं. म्हणाले, "नंदी उजवीकडं न्या, नावाचा बोर्ड डावीकडं घ्या. नंदीचं तोंड आपोआप पिंडीकडं येईल. चार नट हायेत, लगेच होईल."

हे पळत गेले. मी लांबून बघत होते. यांनी हात करून दाखवलं, इकडचं तिकडं. पुढाऱ्याच्या माणसानं मान हलवली. साहेबांचं नाव उजव्या हातालाच राहील, डाव्याला जाणार नाही. मग थोरले दीर शिडीवर चढले आणि त्यांनी नंदीची वायर काढली. तीन दिवस जत्रा चालली. तीन दिवस कमानीवर पिंड, थेंब आणि पुढाऱ्याचं नाव. डाव्या बाजूला काळा पत्रा.

घरी आल्यावर शेजारणी विचारायला आल्या तर सासूबाई म्हणाल्या, "विटाळात शिवली असंल कुठंतरी. त्याशिवाय असं व्हत न्हाई." मी आत होते. मला हे ऐकून रडू आलं नाही. मला त्या घरातलं एकेक भांडं अंगणात फेकावंसं वाटलं. शिवू दिलं नाही म्हणून फिरला तो.

यांना मी म्हणाले, "तुमी पंचांना सांगणार होता. जाऊन सांगा, कुणी केला ते."

हे दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. "भावाचं नाव कसं घेऊ गं," म्हणाले. वाईट माणूस नव्हे. पण मला वाटलं, माझं नाव घेताना कुणाला कसं घेऊ असं वाटलं नाही.

श्रावण जवळ आला तेव्हा दोघं पंच घरी आले. एक ते भस्मवाले आजोबा, बीडच्या रस्त्याला त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि दुसरा एक तरणा. सोमवारच्या गर्दीआधी नंदी नीट करून द्या, असं म्हणायला आले होते. दोघे भाऊ समोर बसले. मी चहा आणला.

तरणा म्हणाला, "या वेळेला तेवढं नीट बघून करा. वैनीबाईंना म्हणावं, पोथीतलं चित्र बघून काढा."

थोरले दीर हसले. "सांगतो, सांगतो. आता मी सवता उभा राहून करून घेतो."

माझ्या हातात ट्रे होता. तो मी खाली ठेवला. थोरल्या दिरांकडे न बघता मी त्या आजोबांकडे वळले.

मी म्हणाले, "बाबा, त्यो नंदी मी केला न्हाई. मी कागद काढला. भोकं पाडायच्या दिवशी मी बाहेर बसले होते. पाच दिवस. मला हात लावू दिला न्हाई. ज्यांनी केला त्यांनी कागद उताणा लावला, म्हणून त्यो फिरला."

तरण्यानं कपाकडे बघायला सुरुवात केली. यांनी मान खाली घातली. आतून सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते थोरल्या दिरांकडे बघत होते.

"म्हणजे तुमी केला व्हय," ते म्हणाले.

थोरले दीर म्हणाले, "घाई लई होती त्या वेळेला. आन बायांचं कसं असतंय, बाबा..."

"मी बायांचं इचारलं न्हाई."

आजोबांनी चहा पूर्ण प्यायला, बशी पालथी घातली. उठताना म्हणाले, "पोरी, सुलटा करून दे. तुझ्या हातानं."

मी म्हणाले, "देते. पण लावताना मी येणार."

"कमानीवर बाई चढायची न्हाई."

"खाली उभी राहते."

त्यांनी होकाराची मान हलवली. मला वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. ते गेल्यावर सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "परक्या बाप्यापुढं," एवढंच भांड्यांना सांगत राहिल्या. हे रात्री जेवताना म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता आलं असतं." मी विचारलं, कुठल्या?

कमानीवरून उतरवून आणलेला नंदी मी सगळा सोडवला. एकेक दिवा गरम करून काढायचा, पाय जळला तर फेकायचा, नवा पत्रा, नवा कागद, तेल, पालथा. पाच दिवसांची माझी पाळी मध्ये आली. मी पडवीतच बसून काम केलं. सासूबाई दारात आल्या, माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या परत गेल्या. देवाला काय वाटलं ते मला माहीत नाही. नंदी नीट झाला.

पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी मी टेंपोत बसून गेले. कमानीखाली जत्रा नव्हती, चारदोन दुकानं, शेंगा विकणारी एक बाई, देवळाचा पुजारी. थोरले दीर शिडीवर होते, मी खाली. "डावी बाजू खाली हाय," मी यांना म्हणायची, हे वर सांगायचे. पिवळा दिवा पेटला, नंदीनं पिंडीकडे बघितलं. माझं काम मी जागेवर पेटलेलं बघितलं. थेंब लटकला, फुगला, सुटला.

पुजारी बाहेर आला, हात जोडले. म्हणाला, "आता कसं बरोबर झालं. त्या वेळेला काय झालतं हो?"

थोरले दीर शिडीवरून उतरत होते. म्हणाले, "काय न्हाई, वायरिंगचा जरा घोळ झालता. मशीनचं काम हाय, व्हतंय कधी."

जत्रेत चूक माझी ठरवली तेव्हा तिला नाव होतं, शिक्षण होतं, बाईपण होतं. आता त्यांची निघाली तर ती मशीनची झाली.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, मी त्या माणसाशी एक शब्द समोरून बोलले नव्हते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर होता तिथेच होता.

"वायरिंग नव्हतं," मी म्हणाले. "कागद तुमी उताणा लावला."

ते पक्कड पुसत होते. ऐकलं नाही असं दाखवलं.

मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. शेंगावाल्या बाईनं मान वर केली. पुजारी देवळात निघून गेला. दिरांनी पक्कड पिशवीत टाकली आणि टेंपोकडे गेले. हे म्हणाले, "चल आता, बास झालं."

ऐकणारी ती एक शेंगावाली. जत्रेत ऐकलेली माणसं तिथे नव्हती, ती आपापल्या गावी गेली होती, माझं नाव घेऊन. मी कमानीखालून हलले नाही. टेंपोचा हॉर्न दोनदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला, तरी मी उभीच होते.